यकृत आणि त्याचे अदृश्य शेजारी



गेल्या पावसाळ्यांत आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांनीं उभ्या जन्मांत मद्याच्या थेंबाला स्पर्श केलेला नाहीं, हें आम्ही जाणतों; जेथें पेला फिरूं लागे तेथून ते मुकाट्यानें उठून जात. पोटाच्या एका किरकोळ तक्रारीसाठीं त्यांची सोनोग्राफी झाली होती, व तपासणीच्या कागदावर यकृतांत चरबी सांचल्याचा शेरा होता. तो कागद त्यांनीं चार घड्या घालून खिशांत लपविला होता. ते खालच्या आवाजांत म्हणाले, "गुरुजी, हा कागद घरीं दाखवूं कसा? सुनेला वाटेल, मामंजी चोरून पितात!"

त्यांच्या समाधानासाठीं आम्हीं त्या वेळीं जें सांगितलें, तेंच थोड्या विस्तारानें येथें मांडण्याचा आमचा विचार आहे. ह्या दुखण्याला हल्लीं घरोघर 'फॅटी लिव्हर' असें म्हणतात, आणि तें इतकें पसरलें आहे कीं जगांतील प्रौढ माणसांपैकीं शेंकडा सुमारें ३० जणांना तें जडलेलें असतें. मुलेंहि त्यांतून सुटलेलीं नाहींत. भारत सरकारनें २०२१ सालीं ह्या विकाराचा समावेश मधुमेह, हृद्रोग व कर्करोग यांच्या प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत केला. तेव्हां हा विषय एकट्या त्या गृहस्थांचा नव्हे; आपणां सर्वांचा आहे.

यकृताचें काम

आपल्या उजव्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाला खालून लागून, यकृत असतें. प्रौढ मनुष्यांत त्याचें वजन सुमारें दीड किलो भरतें. शरीराच्या आंतील इंद्रियांत हें सर्वांत मोठें. पित्त तयार करणें, साखरेचा सांठा करून भुकेच्या वेळीं ती रक्तांत सोडणें, रक्त गोठण्यास लागणारीं द्रव्यें बनविणें, औषधें व विषें यांचा निकाल लावणें, अशीं किती तरी कामें तें अहोरात्र करीत असतें. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीनें त्याची एकच गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावयास पाहिजे. ती म्हणजे त्याच्याकडे येणाऱ्या रक्ताची वाट.

शरीरांतील बहुतेक इंद्रियांना हृदयाकडून निघालेलें ताजें रक्त मिळतें. यकृताची व्यवस्था निराळी आहे. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीन चतुर्थांश रक्त मुख्यतः जठर, आंतडीं व प्लीहा यांच्याकडून एका मोठ्या शिरेनें येतें. यकृताच्या दाराशीं नेणारी म्हणून हिला आपण द्वारशीर म्हणूं. आपण खाल्लेलें अन्न पचून त्याचें सत्त्व आंतड्याच्या भिंतींतून रक्तांत शिरलें, कीं स्निग्ध पदार्थांचा बराचसा भाग वगळतां बाकीचें सर्व प्रथम ह्या द्वारशिरेनें यकृतांत जातें. तेथें त्याची तपासणी होते, आणि मगच तें रक्त हृदयाकडे व पुढें सर्व शरीरांत फिरावयास मोकळें होतें.

पूर्वीं गांवाच्या वेशीवर जकातीचें नाकें असे. बाजाराला जाणारी प्रत्येक गाडी तेथें थांबे, आणि माल चांगला असो कीं नासका, त्याला पहिला हात नाकेदाराचा लागे. यकृताची जागा नेमकी तीच आहे. आंतड्यांत जें जें बरेंवाईट तयार होतें, त्याचा पहिला आघात यकृतावर होतो. पुढील सर्व विवेचन ह्या एका गोष्टीवर उभें आहे.

चरबी आणि एक जुना आरोप

निरोगी यकृताच्या पेशींत चरबी अगदीं थोडी असते. शेंकडा पांचांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब दिसूं लागले, म्हणजे यकृतांत चरबी सांचली असें वैद्य म्हणतात. ह्या अवस्थेंत बहुधा कांहींच दुखत नाहीं, आणि म्हणूनच ती फसवी असते. पुष्कळांचें दुखणें येथेंच थांबतें. परंतु कांहींच्या यकृताला पुढें दाह होतो. दाहाच्या जागीं जखम भरून आल्यासारखे कठीण व्रण पडतात. आणि वर्षानुवर्षें हें चाललें तर सबंध यकृत गांठाळ व कठीण होऊन बसतें. ह्या शेवटच्या अवस्थेला सिऱ्होसिस म्हणतात. त्यांतून कर्करोगहि उद्भवूं शकतो.

मद्यपानानें यकृताची अशीच स्थिति होते, हें वैद्यांना पुष्कळ काळापासून ठाऊक होतें. त्यामुळें असें यकृत दिसलें कीं, 'हा मनुष्य पितो' असा निष्कर्ष सहज निघे. रोगी 'नाहीं' म्हणाला तरी डॉक्टरांना तें खरें वाटत नसे, आणि घरच्या माणसांच्याहि मनांत संशयाचें बीं पडे. ह्या अन्यायाला पहिला जोराचा धक्का अमेरिकेंत बसला. मिनेसोटा प्रांतांतील मेयो क्लिनिक येथील युर्गेन लुडविग व त्यांचे सहकारी यांनीं १९८० सालीं २० रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखालीं ह्या रोग्यांचें यकृत दारुड्याच्या यकृतासारखेंच दिसत होतें. परंतु त्यांच्या विकाराचें कारण दारू नव्हे, असें लुडविग यांनीं दाखविलें. त्यांतील बहुतेक जण स्थूल होते आणि पुष्कळांना मधुमेहासारखे विकार होते. लुडविग यांनीं ह्या दाहाला 'मद्याशिवाय होणारा' असें स्वतंत्र नांव दिलें.

तरी त्या नांवांत 'मद्य' हा शब्द राहिलाच. म्हणून २०२३ सालीं अनेक देशांतील यकृततज्ज्ञांच्या संस्थांनीं एकत्र येऊन तें नांव बदललें, आणि चयापचयाच्या बिघाडाशीं संबंध दाखविणारें नवें नांव घेतलें. जुन्या नांवांतील 'मद्य' व 'फॅटी' हे शब्द रोग्याला हिणविणारे आहेत, हें त्यांच्या मतें बदलाचें एक कारण होतें. शास्त्राला केवळ अचूक असून चालत नाहीं, माणसाच्या अब्रूचाहि विचार करावा लागतो, हें यावरून दिसेल.

पोटांतील वस्ती

आतां प्रश्न उरला तो असा: जो पीत नाहीं त्याच्या यकृताची स्थिति दारुड्यासारखी कां व्हावी? अतिरिक्त अन्न, वाढलेलें वजन, बैठें जीवन, आनुवंशिकता हीं कारणें तर आहेतच. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञांची दृष्टि आणखी एका ठिकाणीं वळली आहे, आणि तें ठिकाण म्हणजे आपलें आंतडें.

आपल्या शरीरांत, विशेषतः मोठ्या आंतड्यांत, सूक्ष्मजंतूंची दाट वस्ती आहे. इस्राएलमधील वाइझमन इन्स्टिट्यूट येथील संशोधकांनीं २०१६ सालीं केलेल्या हिशेबाप्रमाणें एका माणसाच्या अंगांत सुमारें ३८ लक्ष कोटि जंतु असतात. म्हणजे आपल्या स्वतःच्या शरीरपेशींइतके, किंबहुना किंचित् अधिकच. ह्या सर्वांचें मिळून वजन मात्र पावशेराच्या आसपास, २०० ग्रॅम भरतें.

'जंतु' हा शब्द ऐकतांच आपणांस रोग आठवतो. परंतु हे सर्वच जंतु शत्रु नव्हेत. आई रात्रीं दुधाला विरजण लावते आणि सकाळीं दहीं होतें, तें काम जंतूंचेंच. आंतड्यांतील जंतूहि असेच उपयोगी पडतात. भाजीपाला व धान्य यांतील जो चोथा आपल्याला पचत नाहीं, तो त्यांचें अन्न होय. तो आंबवून ते कांहीं सौम्य आम्ल द्रव्यें तयार करतात, आणि त्यांपैकीं ब्युटिरेट नांवाच्या द्रव्यावर मोठ्या आंतड्याच्या भिंतीच्या पेशी पोसल्या जातात. जंतूंना आपण अन्न देतों, जंतु आपल्या भिंतीची राखण करतात, असा हा शेजारधर्म आहे. परंतु शेजार बिघडला, तर मात्र त्याचा त्रास प्रथम जकातनाक्यावरच्या नाकेदाराला होतो.

उंदरांची साक्ष

हें केवळ अनुमान नव्हे हें पटण्यासाठीं दोन प्रयोग सांगतों.

पहिला प्रयोग अमेरिकेंतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत फ्रेड्रिक बॅकहेड, जेफ्री गॉर्डन व त्यांचे सहकारी यांनीं केला आणि तो २००४ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं उंदीर जन्मापासून इतक्या स्वच्छ पेटींत वाढविले होते कीं त्यांच्या पोटांत एकहि जंतु नव्हता. पुढें त्यांच्यांत साध्या उंदरांच्या आंतड्यांतील जंतु सोडले. अवघ्या १४ दिवसांत त्यांच्या शरीरांतील चरबी शेंकडा ६० नीं वाढली. आणि आश्चर्य असें कीं, ते पूर्वीपेक्षां कमी खात होते! जंतूंमुळें अन्नांतील साखर आंतड्यांतून अधिक शोषली जात होती, आणि यकृत त्या साखरेची चरबी बनवीत होतें.

दुसरा प्रयोग फ्रान्समधील संशोधकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केला. एकाच जातीच्या उंदरांना सारखेंच स्निग्ध अन्न दिलें असतां कांहींची रक्तांतील साखर चढली, कांहींची चढली नाहीं. तेव्हां ह्या दोन प्रकारच्या उंदरांच्या आंतड्यांतील जंतु काढून दोन निर्जंतुक गटांना दिले, आणि दोन्ही गटांना पुन्हां तेंच स्निग्ध अन्न घातलें. दोन्ही गट सारखेच लठ्ठ झाले. परंतु साखर चढलेल्या उंदराचे जंतु ज्यांना मिळाले, त्यांच्याच यकृतांत चरबीचे मोठाले थेंब सांचले. दुसऱ्या गटांत तसे झालें नाहीं. अन्न तेंच, जात तीच, लठ्ठपणाहि तोच. फरक काय तो जंतूंचा. न्यायालयांत ह्याहून स्पष्ट साक्ष मिळणें कठीण.

बीजिंगचा रोगी

परंतु उंदीर तो उंदीर. माणसाचें काय? ह्याचें एक विलक्षण उदाहरण चीनच्या राजधानींतून पुढें आलें आहे. तें समजण्यासाठीं आधीं आपल्या कोंकणकिनाऱ्यावरील एक गोष्ट आठवा. ताडाची किंवा माडाची नीरा सूर्योदयापूर्वीं उतरविली तर ती मधासारखी गोड लागते, आणि लहान मुलालाहि द्यावयास हरकत नसते. तीच नीरा उघडी ठेविली आणि ऊन चढलें, कीं ती फसफसते व तिची ताडी होते. कोणी तिच्यांत मद्य ओतलेलें नसतें. हवेंतील व भांड्यांतील सूक्ष्म जीव तिच्यांतील साखरेचेंच मद्य बनवितात.

हीच क्रिया माणसाच्या पोटांत झाली तर? बीजिंग येथील डॉक्टरांपुढें असा एक रोगी आला. त्याच्या यकृताला चरबीच्या विकाराची तीव्र बाधा झालेली होती. तो मद्य न घेतां गोड व पिष्टमय जेवण जेवला, तरी त्याच्या रक्तांत मद्यार्क चढे. पोटांत किण्व, म्हणजे यीस्ट, माजल्यानें क्वचित् असें होतें हें डॉक्टरांना ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं किण्वाचा नाश करणारें औषध दिलें, परंतु गुण येईना. मग त्याच्या आंतड्यांतील जंतूंची तपासणी झाली, आणि खरा अपराधी सांपडला. तो क्लेब्सिएला न्यूमोनिए नांवाच्या जंतूचा एक वाण होता. हा जंतु पुष्कळ लोकांच्या पोटांत निरुपद्रवीपणें राहतो. परंतु ह्या रोग्याच्या पोटांतील वाण इतर वाणांच्या कित्येक पट मद्यार्क तयार करीत होता.

जिंग युआन व त्यांचे सहकारी यांनीं ही हकीकत २०१९ सालीं प्रसिद्ध केली. ते एका रोग्यावरच थांबले नाहींत. मद्यपान न करणाऱ्या पण यकृतांत चरबी असलेल्या इतर रोग्यांची त्यांनीं तपासणी केली, तेव्हां त्यांच्या पाहण्यांतील रोग्यांपैकीं शेंकडा सुमारें ६० जणांच्या पोटांत मद्यार्क करणारे हे वाण आढळले. निरोगी लोकांत ते फारच थोड्यांत होते. मग त्यांनीं हा जंतु उंदरांना पाजला. महिन्याभरांत उंदरांच्या यकृतांत चरबी सांचूं लागली, आणि दोन महिन्यांत व्रणांचीं चिन्हें दिसलीं. जणूं त्या मुक्या प्राण्यांना रोज दारूच पाजली होती!

येथें एक शंका चतुर विद्यार्थी अवश्य काढील: असें पुष्कळांच्या पोटांत होत असेल तर त्यांना झिंग कां येत नाहीं? ह्याचें उत्तर २०२२ सालीं नेदर्लंड्समधील संशोधकांनीं दिलें. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेच्या वेळीं त्यांनीं कांहीं रोग्यांच्या द्वारशिरेंतील रक्त तपासलें. त्यांत मद्यार्काचें प्रमाण इतर शिरांतील रक्तापेक्षां पुष्कळच अधिक होतें, आणि यकृताचा विकार जितका पुढें गेलेला तितकें तें चढतें होतें. म्हणजे नाकेदार तो मद्यार्क वेशीवरच अडवून त्याचा नाश करतो; गांवाला पत्ता लागत नाहीं, पण नाकेदाराचे हात मात्र रोज पोळत राहतात.

अपराधाच्या आणखी वाटा

मद्यार्क ही एक वाट झाली. आंतड्यांतील बिघाड यकृतापर्यंत पोंचण्याच्या आणखी तीन वाटा संशोधकांना आढळल्या आहेत.

पहिली वाट भिंतीची. आंतड्याच्या भिंतीचें आंतील अस्तर एका पेशीच्या जाडीचें असतें, व त्यांतील पेशी एकमेकींस घट्ट चिकटलेल्या असतात. आहार बिघडला व भिंतीचें पोषण कमी पडलें, तर हे सांधे सैल होतात, आणि कित्येक जंतूंच्या कवचाचे विषारी तुकडे द्वारशिरेंत शिरतात. यकृतांत पहारेकरी पेशी असतात. कार्ल फॉन कुप्फर ह्या शास्त्रज्ञानें १८७६ सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. हे तुकडे आले कीं त्या खवळून उठतात. थोडा वेळ खवळणें हें संरक्षण. रोज खवळणें म्हणजे दाह. नुसत्या चरबीचें रूपांतर दाहांत होण्याचें हें एक मोठें कारण समजतात.

दुसरी वाट चोरीची. यकृतांतील चरबी बाहेर पाठविण्यासाठीं कोलीन नांवाचें एक द्रव्य लागतें. तें अंड्यांत, तसेंच सोयाबीन व डाळी-कडधान्यांत असतें. आंतड्यांतील कांहीं जंतु तें मध्येंच फस्त करून टाकतात. गाडी भरलेली आहे, पण बैल चोरीला गेला, अशी यकृताची स्थिति होते. चरबी जागच्या जागीं पडून राहते.

तिसरी वाट साखरेची. साध्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो थोडा असला तर आंतडेंच त्याचा समाचार घेतें. परंतु गोड पेयांच्या रूपानें तो एकदम लोटला, तर मोठ्या आंतड्यांतील जंतूंपर्यंत पोंचतो. ते त्यापासून ॲसिटेट, म्हणजे शिरक्यांतील आम्लाचें रूप, तयार करतात. आणि यकृत त्या ॲसिटेटची चरबी बनवितें. अमेरिकेंत उंदरांवर केलेल्या व २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही वाट स्पष्ट दिसून आली. यकृतांतील चरबी केवळ तुपातेलांतून येते असें जे समजतात, त्यांनीं ही गोष्ट पुन्हां एकदां वाचावी.

सावधगिरीचे दोन शब्द

येथें आम्ही वाचकांस थोडें थांबवूं इच्छितों. नवें ज्ञान हातीं आलें कीं त्याचा अतिरेक करण्याचा मोह होतो. प्रत्येक रोग्याच्या पोटांत बीजिंगचाच जंतु असतो असें नव्हे. त्या संशोधकांच्याच रोग्यांपैकीं शेंकडा सुमारें ४० जणांत तो नव्हता. उंदरांत जें घडतें तें माणसांत तसेंच घडेल असें नाहीं. जंतु हें ह्या विकाराचें एक कारण आहे, एकमेव कारण नव्हे. तसेंच, ह्या सर्वांवरून मद्य निर्दोष ठरत नाहीं. उलट, पोटांत तयार झालेला थोडासा मद्यार्क यकृताला एवढा जाचतो, तर पेल्यानें ओतलेला किती जाचत असेल, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

बाजारांत 'पोटांतील चांगले जंतु' म्हणून पुड्या व गोळ्या विकल्या जातात. त्यांनीं यकृताचा हा विकार बरा होतो असें सिद्ध झालेलें नाहीं. डॉक्टरांस विचारल्यावांचून त्यांवर पैसा खर्च करूं नये. तसेंच प्रतिजैविक औषधें मनानें घेऊं नयेत. बीजिंगची गोष्ट वाचून जंतु मारण्यास निघालेला मनुष्य अपराध्याबरोबर निरपराध राखणदारांनाहि मारून टाकील.

मग आपण काय करावें?

आनंदाची गोष्ट ही कीं, यकृत मोठें क्षमाशील इंद्रिय आहे. चरबी सांचण्याच्या अवस्थेंत, आणि दाहाच्या आरंभींहि, वागणूक सुधारली तर तें पुष्कळ अंशीं पूर्ववत् होतें. ज्यांचें वजन जास्त आहे त्यांनीं तें शेंकडा ७ ते १० नीं उतरविलें, तर चरबीच नव्हे, दाहहि ओसरतो असें अनुभवास आलें आहे. हें सावकाश व डॉक्टरांच्या सल्ल्यानें करावें. उपाशी राहून नव्हे. आणि आपल्या देशांत अंगानें सडपातळ असलेल्या कित्येकांनाहि हा विकार होतो, हें लक्षांत ठेवून वर्गांतील स्थूल मित्राकडे कोणी बोट दाखवूं नये.

शेजाऱ्यांना काय खाऊं घालावें, ह्याचेंहि उत्तर मिळूं लागलें आहे. शांघाय येथील डॉक्टरांनीं २०० रोग्यांवर ४ महिने एक प्रयोग केला व तो २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. अर्ध्या रोग्यांना रोज ४० ग्रॅम चिवट पीठ दिलें. हें मक्यापासून काढलेलें असें पीठ होय कीं जें लहान आंतड्यांत पचत नाहीं व थेट जंतूंच्या वांट्याला येतें. बाकीच्यांना साधें मक्याचें पीठ दिलें. चिवट पीठ खाणाऱ्यांच्या यकृतांतील चरबी इतरांपेक्षां स्पष्टपणें कमी झाली, आणि त्यांच्या पोटांतील वस्तीहि पालटली. कच्च्या केळ्यांत व कडधान्यांत असें पीठ असतें. भात किंवा बटाटा शिजवून निवविला तर त्यांतील पिठाचाहि थोडा भाग असाच चिवट बनतो. मात्र निवविलेलें अन्न उघड्यावर उबाऱ्यांत ठेवूं नये, तें लवकर नासतें.

ह्यासाठीं परदेशाहून कांहीं आणावें लागत नाहीं. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची किंवा चवळीची उसळ, मेथी-चाकवतासारख्या पालेभाज्या, सालीसकट खाण्याजोगीं फळें, हें अन्न आपल्या आजीच्या चुलीवर होतेंच. मैद्याची बिस्किटें, बाटलींतील गोड पेयें व फळ सोडून नुसता त्याचा गाळलेला रस, हें सर्व मात्र तिच्या घरीं नव्हतें. मुलांनीं डब्याबरोबर पाण्याची बाटली न्यावी, रंगीत पेयाची नव्हे. सायंकाळीं पुस्तकें ठेवून मैदानावर जावें. आणि पालकांनींहि, मुलांना मैदानावर पोंचवून आपण बांकावर न बसतां, चार फेऱ्या माराव्या. चालण्यानें वजन उतरलें नाहीं तरी यकृतांतील चरबी कांहीं अंशीं उतरते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटीं सांगतों. घरांत कोणाच्या कागदावर असा शेरा आला, तर प्रथम संशय घेऊं नका व त्या माणसानेंहि तो लपवूं नये. लपविलेल्या दुखण्याला औषध नसतें. आणि हें दुखणें तर मुळांतच मुकें, त्याला लाजेची जोड मिळाली कीं तें निर्धास्तपणें वाढतें.

आरंभीं ज्यांची गोष्ट सांगितली, ते गृहस्थ त्या दिवशीं घरीं गेले आणि त्यांनीं घडी घातलेला कागद सुनेपुढें ठेविला. पुढें आठ दिवसांनीं ते पुन्हां भेटले, तेव्हां हंसत होते. ती माउली त्यांना म्हणाली होती, "मामंजी, तुम्ही पीत नाहीं हें आम्हांला कागदानें सांगावयाला हवें होतें काय?" आणि दुसऱ्याच दिवसापासून त्या घरीं सर्वांच्या चहांतील साखर निम्मी झाली, रात्रीच्या जेवणांत भाताच्या जोडीला भाकरी आली, व सायंकाळीं नातवाचा हात धरून आजोबा नदीच्या बांधापर्यंत फिरावयास जाऊं लागले.